पोटभाडेकरू

निवृत्त माणसाने काय करावे याविषयी आपल्याकडे प्रत्येकाचे मत ठरलेले असते. सकाळी तलावपाळीवर चार फेऱ्या माराव्यात, दुपारी ज्ञानेश्वरी उघडावी, संध्याकाळी बाकावर बसून जगाला नावे ठेवावीत. फार तर होमिओपॅथीची एक पेटी बाळगावी आणि शेजाऱ्यांना साबुदाण्याएवढ्या गोळ्या वाटाव्यात. साठी उलटलेल्या गृहस्थाने संगणकाच्या कर्नेलमध्ये हात घालावा असे मात्र कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. मी तो घातला. त्यापायी आमच्या ठाण्याच्या दोन खोल्यांत जे रामायण घडले, ते सांगण्यासारखे आहे. निदान आता, सारे निभावून गेल्यावर तरी आहे.

याचे मूळ माझ्या निरोपसमारंभात होते. एका बँकेच्या संगणक खात्यात मी १९८६ साली चिकटलो तो २०२४ साली सुटलो. समारंभात शाल आली, श्रीफळ आले, आणि एका तरुण अधिकाऱ्याचे भाषण आले. "यांनी अडतीस वर्षे यंत्रे चालविली," तो म्हणाला. बिचाऱ्याने अगदी मनापासून म्हटले. पण तो 'चालविली' हा शब्द माझ्या डोक्यात बसला तो उठेना. खरेच होते ते. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी बांधलेली यंत्रे चालविली, दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम चालविले, बंद पडले की दुसऱ्यांना फोन केले. मालकाची मोटार ड्रायव्हर चालवितो, तसे. स्वतःच्या हाताने आतले असे काही घडविले होते का? घरी येऊन शाल घडी करून ठेवताना मी ठरविले, की एक हायपरव्हायजर लिहायचा. छोटा, पण आपला.

हायपरव्हायजर म्हणजे काय हे मी आमच्या सौ.ला सांगितले ते असे. माझे बालपण पुण्यात, शनिवार पेठेतल्या एका वाड्यात गेले. वाड्याचा मालक एक, बिऱ्हाडे अकरा. प्रत्येक बिऱ्हाड आपल्या दोन खोल्यांना 'आमचे घर' म्हणे. नळ, जिना, अंगण सारे सामाईक. पण कोणी केव्हा पाणी भरायचे हे मालक असे काही बेताने ठरवी, की ज्याला त्याला वाटावे, नळ आपल्याचसाठी आहे. आता अशी कल्पना करा, की त्या अकरा बिऱ्हाडांतल्या एकालाही बाकीच्या दहांचा पत्ताच नाही. प्रत्येकजण समजतो की सगळा वाडा माझा, नळ माझा, अंगण माझे. तो नळाला हात लावतो तेव्हा मालक हळूच त्याचा हात धरतो, मागच्या बाजूने घागर भरून देतो, आणि हात सोडतो. बिऱ्हाडाला काही कळत नाही. संगणकात असे बिऱ्हाड म्हणजे पाहुणे यंत्र, आणि तो मालक म्हणजे हायपरव्हायजर.

"आणि हे खोटे का वागायचे?" सौ.ने विचारले.

प्रश्न बरोबर होता. उत्तर असे, की यामुळे एका यंत्रावर दहा परस्परांना अनोळखी कारभार सुखाने नांदतात, आणि एक कोसळला तरी बाकीचे उभे राहतात. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६७ च्या जानेवारीत सीपी-४० नावाची अशी व्यवस्था सुरू झाली. एका यंत्रावर एका वेळी चौदा कल्पित यंत्रे चालत. पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी १९७४ साली याचे शास्त्रच मांडले. पाहुण्याने केलेली प्रत्येक नाजूक आज्ञा मालकाच्या हाती सापडलीच पाहिजे, हा त्यातला मुख्य नियम. गंमत म्हणजे आपल्या घरोघरी जे इंटेल जातीचे प्रोसेसर आले त्यांना हा नियम ठाऊकच नव्हता. २००० साली दोघा संशोधकांनी पेंटियममध्ये तशा सतरा आज्ञा मोजून दाखविल्या. पाहुण्याने त्या दिल्या तर धड चालतही नाहीत आणि मालकाला खबरही देत नाहीत. नुसत्या गुपचूप बसतात. सरकारी कचेरीत अर्ज दिल्यासारखेच ते. व्हीएमवेअरने १९९९ साली पाहुण्याच्या आज्ञा चालता चालता बदलून घेऊन त्यातून मार्ग काढला. पण खरी सोय झाली ती इंटेलने २००५ साली आणि एएमडीने २००६ साली प्रोसेसरमध्येच पाहुण्यासाठी वेगळी खोली काढून दिली तेव्हा.

मग इस्रायलमधल्या कुम्रानेट नावाच्या छोट्या कंपनीतल्या आवी किव्हिटी याला जे सुचले ते मला फार आवडते. सुचले ते इतके साधे, की अगोदर कोणाला कसे सुचले नाही असे वाटावे. त्या वेळच्या बहुतेक मंडळींचा विचार असा, की हायपरव्हायजर म्हणजे एक स्वतंत्र कारभार. तो सगळ्यांच्या खाली बसवायचा. किव्हिटी म्हणाला, लिनक्सच्या कर्नेलला कामाच्या पाळ्या लावता येतात, मेमरी वाटता येते, यंत्राची सारी उपकरणे ओळखता येतात. मालकाला आणखी काय यावे लागते? तेव्हा कर्नेललाच एक छोटे मॉड्यूल जोडा आणि पाहुण्याला साध्या प्रोग्रामासारखा पाळीत बसवा. वाडा उभा आहे, पाणी आहे, दिवाबत्ती आहे; पोटभाडेकरूसाठी दुसरा वाडा कशाला बांधता? २००६ च्या ऑक्टोबरात त्याने आपले केव्हीएम लोकांपुढे ठेवले आणि २००७ च्या फेब्रुवारीत ते लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत दाखलही झाले. आज जगातले केवढे तरी कारभार त्याच पायावर उभे आहेत. अॅमेझॉनने २०१८ साली त्यावर फायरक्रॅकर नावाचा एक हलका प्रकार बसविला. नाव फटाक्याचे, आणि पाहुणा पेटतोही तसाच: सव्वाशे मिलिसेकंदांत उभा राहतो, आणि त्याच्यासाठी मालकाला पाच मेगाबाइटांहून कमी पदरमोड करावी लागते.

हलकेपणाचा हा हव्यास नुसता हौसेचा नाही. २०१५ साली असे उघडकीस आले, की पाहुण्यांसाठी उपकरणांची सोंगे घेणाऱ्या एका लोकप्रिय प्रोग्रामात फ्लॉपीचे सोंग वठविणाऱ्या भागाला भोक होते, आणि त्यातून पाहुणा भिंत फोडून मालकाच्या खोलीत शिरू शकत होता. फ्लॉपी! जी माझ्या मुलाने उभ्या आयुष्यात वापरली नाही. ते भोक २००४ पासून तिथे होते. तेव्हा वाड्यात जितके कोनाडे कमी तितके चोर कमी, हे मला पटले.

पण माझा खरा गुरू केव्हीएम नव्हे. तो रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन माणसाचा एलगेस्ट. हाही लिनक्सच्या कर्नेलमध्येच २००७ साली आला. सगळा मिळून सुमारे पाच हजार ओळींचा. वाचावा म्हणूनच लिहिलेला. मधूनमधून थट्टामस्करी, गोष्टीसारखे प्रकरण पुढे नेणे, आणि मथळ्याखाली अशी पाटी, की हा तरुण प्रोग्रामरांसाठीचा सचित्र हायपरव्हायजर आहे. मी तरुण नव्हतो आणि चित्रे कोठे दिसली नाहीत, तरी मी तो पोथीसारखा वाचला. २०१७ साली तो कर्नेलमधून काढून टाकला. वापरणारे उरले नव्हते. तो जुना दस्तऐवज वाचताना मला, उगीच असेल, पण थोडा आपलेपणा वाटला.

मुलाचे मत वेगळे होते. तो बंगळूरला असतो आणि याच धंद्यात आहे. "बाबा, एक आज्ञा टाइप केली की तयार मिळते हो हे," तो फोनवर म्हणाला. मी म्हटले, "चितळ्यांकडे चकली तयार मिळते, तरी तुझी आई सोऱ्या घेऊन बसतेच ना?" यावर तो गप्प बसला. पण मलाच ते उत्तर पुरेसे वाटले नाही. आईची चकली उत्तम होते. माझ्या हातून काय होणार होते कोण जाणे.

कामाला लागलो. इंटेलची ही पाहुण्याची खोली उघडायची तर प्रथम एका नियंत्रण-रकान्यातला तेरावा बिट चालू करावा लागतो. तो केला तरी खोली उघडेना. दोन दिवसांनी कळले की यंत्र सुरू होतानाच्या बायोसने वर दुसरे कुलूप घातले आहे. ते काढले. मग प्रोसेसरला चार हजार शहाण्णव बाइटांची एक कोरी जागा द्यायची, नेमकी पानाच्या कडेपासून सुरू होणारी, तिच्या माथ्यावर त्याचा आवृत्ती-क्रमांक घालून. मग दुसरी तशीच जागा: तिला व्हीएमसीएस म्हणतात. मी तिला भाडेकरार म्हणत असे. त्यात तीन प्रकारचे मजकूर: आत जाताना पाहुण्याची स्थिती काय असावी, बाहेर येताना मालकाची स्थिती काय असावी, आणि कोणकोणत्या गोष्टींवर पाहुण्याचा हात धरायचा. रकाने शंभराहून जास्त. एक चुकला की प्रवेश नाकारला जातो, आणि कारण म्हणून मिळतो फक्त एक आकडा. सात. म्हणजे 'अटींच्या रकान्यांपैकी कोणतातरी चुकला आहे.' कोणता, ते प्रोसेसर सांगत नाही. हे सात मी तीन आठवडे पाहिले. मग एके रात्री सात जाऊन तेहेतीस आले, म्हणजे आता पाहुण्याची स्थिती चुकली आहे, आणि मला इतका आनंद झाला की मी सौ.ला उठवून सांगितले. तिने विचारले, तेहेतीस चांगले का? मी म्हटले, नाही, तेही वाईटच, पण निराळे. ती कूस बदलून झोपली.

माझ्या पहिल्या पाहुण्याला काय बोलायला लावायचे याचा मी फार विचार केला नाही. नव्या वहीच्या पहिल्या पानावर जे लिहितात तेच: श्री. या एका अक्षराला संगणकात बारा बाइट लागतात. जुन्या काळच्या सीरियल पोर्टच्या ३एफ८ क्रमांकाच्या दारातून एकेक बाइट बाहेर सरकवायचा आणि शेवटी थांबायचे, असा चाळीस बाइटांचा प्रोग्राम मी हाताने मांडला. प्रत्येक बाइटाला पाहुणा दाराशी हात नेतो, मालक तो धरतो, बाइट काढून घेऊन पडद्यावर ठेवतो, आणि त्याला परत आत सोडतो. पहिल्या खेपेस पडद्यावर प्रश्नचिन्हांचा नुसता पाऊस पडला. पाहुण्याला परत सोडताना पुढच्या आज्ञेवर नेऊन सोडावे लागते हे मी विसरलो होतो. बिचारा एकच बाइट जन्मभर देत बसला होता. दुसऱ्या खेपेस बारा वेळा तीस क्रमांकाचे निर्गमन झाले, मग एकदा बारा क्रमांकाचे, आणि पडद्यावर आले: श्री.

इथपर्यंतचे सारे मी सुरक्षितपणे, दुसऱ्या एका कल्पित यंत्राच्या पोटात करीत होतो. पोटभाडेकरूचा पोटभाडेकरू. कोसळला तर तोच कोसळे. इथे थांबलो असतो तर हा लेख इथेच संपला असता. पण 'चालविली' हा शब्द काही गप्प बसेना. खऱ्या यंत्रावर, खऱ्या लोखंडावर चालल्याशिवाय ते घडविले असे कसे म्हणावे? आमच्या घरात संगणक एकच, चार कोअरचा, मुलाने जाताना ठेवलेला. रात्री सौ. झोपल्यावर मी माझे मॉड्यूल त्याच्या कर्नेलमध्ये घातले. श्री. पुन्हा श्री. शंभरदा श्री. मी मॉड्यूल तसेच आत ठेवून, पाहुण्याला फिरता ठेवून, झोपायला गेलो. त्या रात्री मला फार चांगली झोप लागली.

आता आमची सौ. सोसायटीची खजिनदार आहे. अठ्ठावीस बिऱ्हाडे, वर्षभराच्या पावत्या, आणि रविवारी वार्षिक सभा. ती दोन दुपार बसून सारा हिशोब संगणकावर उतरवीत होती. तिसऱ्या दुपारी पडदा गोठला. माऊस हलेना, कळा दाबून काही होईना. बटण दाबून यंत्र पुन्हा सुरू केले तर हिशोबाची फाइल जागेवर होती, नाव बरोबर, तारीख बरोबर. आत मात्र शून्य. मी तिला म्हटले, "वीज गेली असेल क्षणभर." हे मी म्हटले. पंखा तेव्हा डोक्यावर फिरत होता. तिने एकदा पंख्याकडे पाहिले आणि काही बोलली नाही.

रविवारी सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, की हिशोब तयार नाही, माझ्याकडून उशीर झाला, पंधरा दिवसांची मुदत द्यावी. एक सभासद, ज्यांना दर सभेत काहीतरी बोलावेच लागते, ते म्हणाले, "झेपत नसेल तर पद घेऊ नये माणसाने." दोनचारजण हसले. मी मागच्या रांगेत बसलो होतो. उठून सांगावे असे वाटले. उठलो नाही. कर्नेल, मॉड्यूल, हे सगळे कोणाला समजावे, असे मी मनाशी म्हटले. पण ते खरे कारण नव्हते.

घरी आल्यावर तिने कपाटातून एक लांबट वही काढली, पहिल्या पानावर श्री लिहिले, आणि पावत्या हाताने उतरवायला बसली. मीही बसलो, चूक शोधायला. ती काही केल्या सापडेना. रात्री प्रयोग केला की सारे सुरळीत. पाचशेदा चालविले, पाचशेदा श्री. दिवसा कोणी संगणकाला हात लावला, की तासाभरात गोठायचा. कल्पित यंत्रात तर मुळीच नाही. मेमरी तपासली, करार ओळीनओळ तपासला. आठ दिवस गेले. शेवटी मी वैतागून मोठ्याने म्हणालो, "मी एकटा असतो तेव्हा हा अगदी शहाण्यासारखा वागतो!"

वहीतून मान वर न करता सौ. म्हणाली, "मग घरात गर्दी झाली की कुठे बिनसते ते बघा."

हे ती माझ्याबद्दल म्हणाली की संगणकाबद्दल, ते मी अजून विचारलेले नाही. पण मी जागच्या जागी थांबलो. गर्दी! यंत्र रिकामे असताना कर्नेल माझ्या पाहुण्याला ज्या कोअरवर बसविलेला असेल तिथेच बसू देतो. गर्दी झाली की उचलून दुसऱ्या कोअरवर नेतो. आणि माझ्या करारात मालकाचा परतीचा पत्ता मी एकदाच, अगदी आरंभी लिहिला होता.

बँकेतल्या भाषेत सांगतो. चार कोअर म्हणजे चार कॅशियर. प्रत्येकाचा गल्ला वेगळा, आणि आपण आत्ता कोणाचे काम करतो आहोत याची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या गल्ल्यात. पाहुण्याच्या खोलीतून बाहेर आलेला कॅशियर करारात लिहिला असेल तो गल्ला उघडतो. करारात पहिल्याचा पत्ता, आणि बाहेर आला तिसरा. तो बिनदिक्कत पहिल्याचा गल्ला उघडतो, पहिल्याची चिठ्ठी वाचतो, आणि आपण पहिलाच आहोत अशा समजुतीने कामाला लागतो. दोन कॅशियर आणि एकच गल्ला! अडतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला याचा परिणाम सांगायला नको. कल्पित यंत्राला मी कोअरच एक दिला होता. तिथे चूक दिसायचीच नाही. केव्हीएमच्या मूळ मजकुरात, कोअर बदलला की हे पत्ते नव्याने लिहावेत, अशी स्वच्छ टीप आहे. मी ती दहादा तरी वाचली असेन. अर्थ त्या रात्री कळला.

दुरुस्ती सात ओळींची झाली. आत जाण्यापूर्वी पाळी बदलणे थांबवायचे, आपण कोणत्या कोअरवर आहोत ते पाहायचे, मालकाचे पत्ते ताजे लिहायचे, बाहेर आल्यावर पाळी मोकळी करायची. माझा सबंध हायपरव्हायजर चौदाशे ओळींचा आहे; पैकी या सात ओळींबद्दल मला जितके वाटते तितके बाकीच्यांबद्दल वाटत नाही.

तहकूब सभेत मी हात वर केला. म्हणालो, मागच्या खेपेचा उशीर खजिनदारांचा नव्हता, माझा होता. मी घरच्या संगणकात एक प्रयोग केला आणि त्यांचे दोन दिवसांचे काम बुडविले. आठवड्यापूर्वीच हे सांगायला हवे होते. क्षणभर कोणी बोलले नाही. मग तेच सभासद म्हणाले, "म्हणजे व्हायरस होता काय?" मी सांगू लागलो, की नाही, पाहुणे यंत्र ज्या कोअरवर... सेक्रेटरींनी घड्याळ पाहिले आणि हिशोब मंजुरीस घेतला. तो एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सौ. वही घेऊन संगणकासमोर बसली. हिशोब त्यातही हवाच होता. मी तिला आधी सांगितले, की मॉड्यूल आत आहे, पाहुणाही फिरतो आहे, काढून टाकू का? तिने थोडा विचार केला. "भाडे देतो का काही?" तिने विचारले. मी म्हटले, नाही, नुसता श्री म्हणतो. ती टाइप करू लागली. मुद्दामच तिने सगळ्या खिडक्या उघडल्या, एकीकडे नाट्यगीते लावली, बहिणीला व्हिडिओ लावून दिला. मी दारात उभा. साडेचार तास झाले, अठ्ठावीसही बिऱ्हाडे उतरली, बेरीज वहीशी पै न् पै जुळली. पडद्याच्या कोपऱ्यात माझा पाहुणा आपला श्री, श्री, श्री.

"अजून आहे का तो आत?" उठताना तिने विचारले.

"आहे."

"असू दे मग," ती म्हणाली, आणि वही कपाटात ठेवून तिने कुलूप लावले.